नदीवरचं ऊन

तिला सगळे घडीताई म्हणत. समोर कापड दिसलं की तिचे हात आपोआप पुढे होत, कोपऱ्याला कोपरा लागे आणि बोलता बोलता त्याची घडी होऊन जाई. एकदा कुणा पाहुण्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ठेवला होता. तो हात धुऊन येईपर्यंत हिने त्याची वीतभर घडी करून चमच्याखाली सारलेली.

"आता नदी कुठे गेली?" पाहुण्याने विचारलं.

"आत आहे," ती म्हणाली. "कुठे जातेय."

लॉज नदीच्या काठावर लाकडी खांबांवर उभं होतं. सहा खोल्या, जेवणघर, मागे स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे, जिथे पाहुणे कधी फिरकत नसत, तिथे हिचं राज्य: दोन टाक्या, एक मोठा दगड आणि धुराची खोली. बारमाही पावसाच्या त्या जंगलात कपडे धुणं हे काम नव्हतंच, वाळवणं हे काम होतं. झाडं इतकी उंच आणि इतकी एकमेकांत घुसलेली, की ऊन वरच्या वर पानांतच संपून जाई. खाली पोचे तो नुसता हिरवा उजेड. त्या उजेडात चादर तीन दिवस टांगली तरी ओलीच, आणि चौथ्या दिवशी तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके. म्हणून धुराची खोली. मधोमध लोखंडी शेगडी, वर आडव्या दोऱ्या, लाकडं ओलसर, धूर म्हणाल तेवढा. अकरा वर्षं ती त्या खोलीत आत-बाहेर करत होती. चादरी वाळत, आणि ती खोकत असे.

तिचा खोकला लॉजच्या आवाजांत जमा झाला होता. नवीन पाहुणे दचकून विचारत, "हा कुठला प्राणी?" तर स्वयंपाकी गंभीर चेहऱ्याने सांगे, "दुर्मीळ आहे. एकच मादी उरलीय."

तिचा भाऊ लॉजचा नावाडी. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. तिचा नवरा वारल्यावर त्यानेच तिला इथे आणलं, मालकीणबाईंसमोर उभं केलं आणि म्हणाला, "ही माझी बहीण. काम करेल." त्याच्या मानाने ते भाषणच झालं. बोलायला त्याला जड जाई. नाव मात्र तो अशी न्यायचा की पाण्याला कळू नये. इंजिनाच्या आवाजाने जनावरं पळतात म्हणून लॉजची नाव वल्ह्यांवरच चाले, आणि वीस वर्षांत त्याच्या वल्ह्याचा आवाज ऐकल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. घरात पाणी पिताना तो जास्त आवाज करी.

गेल्या पुरात चार नंबरच्या खोलीशेजारचं एक भलंमोठं झाड मुळासकट उपटून नदीत गेलं. सगळे हळहळले. हळहळली नाही ती एकटी घडीताई, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने तिथे जमिनीवर पडलेलं ऊन पाहिलं. चटईएवढं, पिवळंधमक. ती त्यात जाऊन उभी राहिली. पायांना ऊब लागली. ती धावतच मागे गेली, सगळ्यात लांब दोरी घेऊन आली आणि काठावरच्या दोन झाडांना तिने ती ताणून बांधली.

तीन तासांत चादर वाळली. तिने ती नाकाशी धरली. कसलाच वास नाही. अकरा वर्षांत प्रथमच.

दुपारी ढग येत, पण सकाळचे तीन-चार तास पक्के मिळत. पाहुणे म्हणू लागले, चादरी किती छान, उन्हात वाळवता वाटतं. मालकीणबाईंनी तर लॉजच्या माहितीपत्रकात तसं छापूनच टाकलं. धुराच्या खोलीला कुलूप लागलं. महिन्याभरात घडीताईचा खोकला थांबला. शेजारच्या खोलीत झोपणारा भाऊ एका सकाळी म्हणाला, "रात्री काही ऐकू आलं नाही. म्हटलं, आहेस की नाही."

"तू उठून बघायचंस मग."

"बघितलं."

त्याच दिवसांत नदीवरून पाणमांजरं गेली.

लॉजसमोर, नदीच्या पलीकडे, वाळूचा एक पट्टा होता. एक कुटुंब रोज सकाळी तिथे येई: आई, बाप, कधी दोन पिल्लं, कधी तीन. वाळूत लोळत, मासे खात, एकमेकांची मान चावत आणि अंग शेकत. लोक दूरदूरून येत ते त्यांच्यासाठी. लॉजच्या पाटीवरही पाणमांजरच रंगवलेलं होतं. आता नाव रोज सकाळी जाई आणि लोकांना रिकामी वाळू दाखवून आणी. पाहुण्यांच्या वहीत कुणी लिहून गेलं, 'वाळू सुंदर आहे.'

मालकीणबाई चिडक्या नव्हत्या, पण लॉज त्यांच्या डोक्यावर होतं. त्यांनी नावाड्याला बोलावलं.

"तुम्ही पट्ट्याच्या फार जवळून नेता का नाव?"

"नाही."

"मग झालं काय? इतकी वर्षं येत होती."

नावाडी नदीकडे बघत राहिला. "सांगता यायचं नाही."

बाईंनी तीन महिने वाट पाहिली, आणि चौथ्यात सांगितलं: या महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर नदीच्या खालच्या अंगाचा एक नावाडी आहे, त्याला घेऊन बघू. तुम्ही लाकूडफाटा आणि पाण्याचा पंप बघा.

हे त्याने बहिणीला जेवताना सांगितलं, शेजाऱ्याच्या घरची बातमी सांगावी तसं.

घडीताईचा घास हातातच राहिला. "आणि तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

"बरं? वीस वर्षं नदीवर काढलीस, आणि बरं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस नुसता! सांग ना त्यांना, की नाव जवळून नेत नाहीस म्हणून."

"सांगितलं."

"मग भांड!"

"भाजी वाढ," तो म्हणाला.

त्याचे हात तिने पाहिले. वल्ह्याच्या जागी तळहाताला घट्टे पडले होते, आणि जेवतानाही बोटं अर्धी मिटलेली असत, वल्हं धरल्यासारखी. या हातांनी हा पंपाचं बटण दाबणार. तिला जेवण गेलं नाही.

त्या आठवड्यात एक निवृत्त दाताचे डॉक्टर चार दिवसांसाठी आले. एकटेच, दुर्बीण गळ्यात, टोपी कायम उलटी. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाक्याला हसायला लावून त्याची एक दाढ काढायला सांगितली.

"मला फक्त पाणमांजराचे दात बघायचेत," ते जेवणघरात जाहीर करत. "कवटीत पाहिलेत. चालू स्थितीत पाहायचेत."

पहिल्या सकाळी वाळू रिकामी. दुसऱ्या सकाळी धक्क्यावरून नाव सुटता सुटता घडीताई त्यांचा विसरलेला रेनकोट घेऊन धावत आली. अर्थात घडी करूनच.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "या की तुम्हीही. मी एकटा या बाजूला बसलो की नाव कलते."

"तिला कामं आहेत," नावाडी म्हणाला.

इतक्या चटकन तो कधी बोलत नसे. घडीताईने त्याच्याकडे पाहिलं. "चादरी टांगून झाल्यात माझ्या."

"मग स्वयंपाकघरात बघ जा."

"अकरा वर्षांत एकदा तरी बस म्हणालास का मला या नावेत?"

"पडशील."

"पडले तर काढ," ती म्हणाली, आणि नावेत पाय टाकून बसलीसुद्धा. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. नावाड्याने वल्हं उचललं. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू डॉक्टरांनी त्याचीच दाढ धरली आहे.

नाव धक्क्यापासून दूर गेली. तिने कधी नदी अशी खालून पाहिली नव्हती. काठावरून नदी म्हणजे एक वस्तू होती, नावेतून ती जागा झाली. दोन्हीकडे जंगलाच्या भिंती, आणि मध्ये उघडं आकाश. तिला पहिल्यांदाच कळलं की या सगळ्या प्रदेशात ऊन फक्त इथेच खाली येतं, नदीच्या रुंदीएवढं. बाकी कुणाला ते मिळतच नाही. ज्याला अंग शेकायचं त्याला इथेच यायला हवं.

नाव वळसा घेऊन वाळूच्या पट्ट्याशी आली, चांगली पन्नास हात दूर थांबली. वाळू रिकामी होती. डॉक्टर दुर्बीण लावून बसले. घडीताईने पट्ट्यावरून नजर फिरवली आणि सहज मागे वळून पाहिलं, लॉज इथून कसं दिसतं म्हणून.

हिरव्यात हिरवं, त्यात आणखी हिरवं. आणि बरोबर समोर, काठावर, बारा पांढऱ्या चादरी.

वारा आला. बाराच्या बारा फुगल्या, उंच झाल्या, पुढे आल्या आणि परत मागे गेल्या. रांगेने उभं राहून कुणीतरी हात उडवत हाकलत होतं. जा. जा इथून.

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर स्वस्थ पडले होते.

"किती स्वच्छ!" डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच धुता?"

"हो," ती म्हणाली.

नावाडी पाण्यात बघत होता.

नाव धक्क्याला लागली. डॉक्टर खोलीकडे गेले तशी ती धक्क्यावरच थांबली. भाऊ दोर बांधत होता, एरवीपेक्षा जास्त वेळ.

"तुला ठाऊक होतं."

त्याने दुसरी गाठ मारली.

"पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या," तो म्हणाला. "मोठी मादी उभी राहिली. बघत राहिली तिकडे. मग पिल्लाची मान धरून पाण्यात गेली."

"आणि तू बोलला नाहीस! बाई तुला नावेवरून उतरवायला निघाल्या तरी?"

"तू खोकत नव्हतीस."

तिला त्याचा इतका राग आला की तिने नावेतलं ओलं फडकं उचललं आणि त्याची घडी करू लागली. घडी काही केल्या जमेना.

"उंटावरचा शहाणा आहेस," ती शेवटी म्हणाली.

"नावेतला," तो म्हणाला.

तिने वर जाऊन बाराही चादरी उतरवल्या. अर्ध्या ओल्या होत्या. मग दोरी सोडवून हातावर गुंडाळली आणि तशीच मालकीणबाईंच्या खोलीत गेली.

"बाई, पाणमांजरं दादामुळे गेली नाहीत. माझ्या चादरींमुळे गेली."

बाईंनी चष्मा काढला. तिने सगळं सांगितलं. झाड पडलं तो दिवस, दोरी बांधली तो दिवस, मादी उभी राहिली तो दिवस.

"नक्की?"

"नक्की म्हणजे... मी तिथे पाणमांजर असते ना, तर मीही गेले असते."

बाई खिडकीतून काठाकडे बघत राहिल्या. "त्यांना ठाऊक होतं तर मला सांगितलं का नाही?"

"ते त्याला विचारा. मला त्याचं बोलणं कधी कळलंय?"

"मग आता परत धुराची खोली?"

"सकाळी धूर. दुपारी ढग नसले तर ऊन. तेव्हा ती वाळूवर नसतात."

बाई उठल्या. "चला, दाखवा ती खोली." इतक्या वर्षांत त्या दारापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. घडीताईने कुलूप काढलं, शेगडी पेटवली, चादरी टांगल्या. बाई मधोमध उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं. दीड झालं. मग डोळे पुसत, खोकत, भिंत चाचपत त्या बाहेर आल्या.

"याला धुराडं कुठंय?"

घडीताईने छपराकडे पाहिलं. धुराडं नव्हतंच. अकरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्यासुद्धा. ज्याला त्या खोलीत काम नव्हतं तो आत उभा राहिला नव्हता, आणि जिला काम होतं तिला वाटे की धूर असाच असतो.

आठवड्याभरात पत्र्याचं धुराडं बसलं. चादरी रोज नाही, चौथ्या दिवशी बदलायच्या, असं ठरलं. माहितीपत्रकातली ती ओळ बाईंनी स्वतः पेनाने खोडली, प्रत्येक प्रतीवर. नावाड्याला त्या म्हणाल्या, "पुढचा महिना बघू." तो म्हणाला, "बरं."

डॉक्टर तोवर निघून गेले होते, दात न बघताच. जाताना पत्ता लिहिलेलं पाकीट घडीताईच्या हातात देऊन म्हणाले, "आली तर दोन ओळी टाका. मी तोंड उघडून बसलोय असं समजा."

मग नुसत्या सकाळी. काठावर दोरी नव्हती. ऊन नऊ वाजता येई, रिकाम्या जागेत पसरे आणि ढग आले की उठून जाई. घडीताई धुराच्या खोलीत असे. खोकला परत आला होता, पण पूर्वीचा नाही, एखाददुसरा. नाव परतली की ती दारातून डोकं बाहेर काढी. भाऊ मान हलवी. नाही. दहा दिवस नाही, पंधरा दिवस नाही. मग तिने डोकं बाहेर काढणं सोडलं. खालच्या अंगाचा तो नावाडी एकदा सहज म्हणून येऊन धक्का बघून गेला.

महिना संपायला सहा दिवस राहिले असताना भाऊ नाव घेऊन गेला आणि लगेच परत आला. पाहुणे त्या दिवशी नव्हतेच. तो धुराच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. वल्हं हातातच, त्यावरून पाणी ठिबकत होतं.

"चल," तो म्हणाला.

"कामं आहेत मला."

"ठाऊक आहेत. चल."

ती बसली. नाव सरकली. पाण्याला कळलं नाही. अलीकडच्याच काठाच्या सावलीत, लोंबत्या वेलींखाली त्याने ती थांबवली.

पलीकडे वाळूवर चार होती. दोन मोठी, दोन लहान. लहानगी एकमेकांना लोळवत होती. मादीने पुढच्या पंजांत मासा धरला होता, मान वाकडी करून ती तो डोक्याकडून चावत होती, कुरुमकुरुम आवाज नदी ओलांडून येत होता, आणि दर चावण्यासरशी तिचे दात उन्हात स्पष्ट दिसत होते.

घडीताई बघत राहिली. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तिच्या बोटांनी केव्हाच दुमडून घेतलं होतं.

"लिही त्या डॉक्टरांना," भाऊ कुजबुजला.

"काय लिहू?"

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "दात आहेत म्हणावं. सगळे."

तिला हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला. टॉवेलची घडी तोंडात कोंबूनही एक खोकला निसटलाच.

मादीने मान वर केली. मागच्या पायांवर उभी राहिली. नदीपलीकडून तिने नावेकडे पाहिलं, मग काठाकडे, जिथे आता काही हलत नव्हतं. भावाचे दोन्ही हात वल्ह्यावर गोठले होते.

मग ती खाली बसली आणि उरलेला मासा खाऊ लागली.