नऊ नंबरचा नकार

"बारा दिवसांत बारा वेळा," असं म्हणून इशिदा-साननी लॉगचा प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. "रोज सकाळी नऊला. पाटणकर-सान, तुमच्या तोंडापुढे कुणी बारा दिवस मेलेला उंदीर नाचवला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

शेजारी माझे बॉस कुमागाई-सान सेन्बेईचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. इथे जपानमध्ये माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. तांदळाच्या बिस्किटांचा चांगला बांधलेला खोका न्यावा लागतो आणि जेवढी चूक मोठी तेवढा खोका मोठा. आमचा खोका कुमागाई-सानच्या मांडीवर मावत नव्हता.

इशिदा-सान सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानाच्या मॅनेजर. वय साठीच्या आसपास, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हातात काठी. त्यांच्या दुकानात रेनबो बोआ जातीच्या सापाला चौदा पिल्लं झाली होती. मोठा बोआ जपानमध्ये हौसेखातर घरी पाळायला बंदी आहे. ही जात लहान. उजेडात अंगावर पाण्यावरच्या तेलासारखे रंग चमकतात, म्हणून रेनबो. पिल्लू हातभर लांब आणि पेन्सिलीपेक्षा थोडं जाड. ऑपरेशनमुळे इशिदा-सान तीन आठवडे नसणार होत्या. तेवढ्यासाठीच आम्ही अ‍ॅप केलं होतं: कुठल्या पिल्लाला कधी खायला द्यायचं, ते टॅबलेटवर दिसणार. बस.

मी तोयोसुतल्या एका कंपनीत अशी छोटी सिस्टिम्स करतो. चौदा वर्षं झाली. आता नवीन काही आलं की उत्साह वाटत नाही, आधी मान दुखते. या कामाची आणखी एक अडचण होती. मी सापाला घाबरतो. ही गोष्ट मी कुमागाई-सानना सांगितली नव्हती, कारण पहिल्या दिवशी जेवताना मी त्यांना "आमच्याकडे काय, साप घराघरांत" असं काहीतरी बोललो होतो. पुण्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

क्लायंटला काय हवं ते विचारायची, म्हणजे रिक्वायरमेंटची मीटिंग सापांच्या खोलीत झाली. भिंतीभर झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, त्यात ही पिल्लं. मी खुर्ची दाराजवळ ओढून घेतली. दीड तासाची मीटिंग पंचवीस मिनिटांत संपवली.

"किती दिवसांनी खातात?"

"सात ते दहा."

"आणि खाल्लं नाही तर?"

"मग पुन्हा देतो."

"उत्तम!" म्हणून मी वही मिटली. 'पुन्हा' म्हणजे कधी, हे विचारायला आणखी पाच सेकंद लागले असते. पण तेवढ्यात एका डब्याचं झाकण हललं.

ऑफिसात आलो. आदल्या वर्षी एका कुरिअर कंपनीसाठी मी रीडिलिव्हरीचं मॉड्यूल लिहिलं होतं. इथे पार्सल आलं आणि तुम्ही घरी नसलात, तर माणूस चिठ्ठी टाकून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. तीनदा भेटला नाहीत तर पार्सल डेपोत परत. मी ते मॉड्यूल उचललं. पार्सलच्या जागी उंदीर, गिऱ्हाइकाच्या जागी साप. घेतलं नाही? उद्या सकाळी नऊला पुन्हा. तीनदानंतर परत पाठवायला उंदरांचा डेपो नव्हता, म्हणून ती एक अट मी काढून टाकली. म्हणजे या सगळ्या प्रकाराला जिथे आपोआप ब्रेक लागला असता, नेमका तेवढाच भाग मी मेहनत करून काढला.

यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही. आमच्याकडे पाहुण्याचं 'नको' म्हणजे नकार नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते. माझ्या मावशीने ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून लोकांना जिलबी वाढलेली आहे.

इशिदा-सानच्या जागी नोमुरा-सान आले. त्याच दुकानाच्या माशांच्या विभागातले, पन्नाशीचे, अतिशय नेमके गृहस्थ. सापाचा अनुभव शून्य, पण टॅबलेटवर लाल खूण दिसली की ते उठत. फ्रोझन उंदीर कोमट पाण्यात वितळवायचा, चिमट्याने पिल्लापुढे धरायचा, 'घेतला' किंवा 'नाकारला' दाबायचं. एकही वेळ चुकली नाही. माझ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. मी तो आलेख सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवला. कुमागाई-सान म्हणाले, "अशी शिस्त असलेला क्लायंट मी पाहिला नाही." मी मान तुकवली, जणू शिस्त माझीच.

तिकडे डब्यांत काय चाललं होतं, ते इशिदा-साननी त्या माफीच्या दिवशी समजावलं. लहान बोआने जेवण नाकारणं ही रोजची गोष्ट आहे. कात टाकायची वेळ आली की ते खात नाहीत. थंडी वाटली, जागा बदलली, घाबरले, तरी नाहीत. अशा वेळी उंदीर उचलायचा, झाकण लावायचं, डब्यातलं तापमान आणि ओल बघायची आणि आठवडाभर त्याच्या वाटेला जायचं नाही. रोज समोर चिमटा आला, तर पिल्लाला ते जेवण वाटत नाही, हल्ला वाटतो. शिवाय हे अंधार पडल्यावर शिकारीला निघणारे प्राणी. सकाळी नऊ ही वेळ कुरिअरची होती.

चौदातल्या पाच पिल्लांनी खाणं सोडलं होतं. चार जणं तशी ठणठणीत होती. पाचवं, नऊ नंबरच्या डब्यातलं, सगळ्यांत लहान. त्याने अकरा दिवस नकार दिला, बाराव्या दिवशी चिमट्याला दंश केला आणि त्या झटापटीत उंदीर गिळला. दोन दिवसांनी ओकून टाकला.

"ओकणं वाईट," इशिदा-सान म्हणाल्या. "पोट रिकामं असणं चालतं. ओकल्यावर पोटातलं सगळं बिघडतं. आणखी एकदा ओकला तर राहायचा नाही. जन्मला तेव्हा अठ्ठावीस ग्रॅम होता. आज तेवीस."

नोमुरा-सान कोपऱ्यात उभे होते. ते माझ्यापुढे येऊन कमरेत वाकले. "मी वेळ कधीच चुकवली नाही," ते म्हणाले. "क्षमा करा."

चौदा वर्षांत माझ्यावर बरेच लोक ओरडले आहेत. त्यातलं काही लक्षात नाही. हे लक्षात आहे.

"मी आज दुपारीच फिक्स देतो," मी घाईघाईने म्हटलं.

"नको," इशिदा-सान म्हणाल्या.

"मग उद्या सकाळी?"

कुमागाई-साननी डोळे मिटून घेतले.

"पाटणकर-सान," त्या शांतपणे म्हणाल्या, "टॅबलेट बंद करा. दोन आठवडे नऊ नंबरच्या बाबतीत कुणीही काहीही करायचं नाही. तुम्ही तर नाहीच."

परतीच्या ट्रेनमध्ये कुमागाई-साननी डायरी उघडून बुधवारांवर खुणा केल्या. मग म्हणाले, "दर बुधवारी तिथे जाऊन बसा. नवीन आराखडा त्या खोलीत बसून लिहा. तुम्हाला काय, सवय आहे सापांची."

ग्योतोकुला घरी आल्यावर अनघाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मला दिवसातून दहा वेळा 'कधी निघायचं, कधी निघायचं' विचारतोस. त्या बाईंना एकदा विचारता आलं नाही?"

तर मी बुधवारी जाऊ लागलो. स्टुलावर बसायचो, पाय वर घेऊन. इशिदा-सान प्रत्येक डबा उघडून काय बघतात, ते लिहून घ्यायचो. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात जवळ आली. वजन आठवड्याला एकदाच करायचं. उंदीर पिल्लाच्या शरीराच्या सगळ्यांत जाड भागाएवढा, त्याहून मोठा नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. माझी वही भरली. खाणं सोडलेल्या बाकीच्या चौघांनी पहिल्या दहा दिवसांतच खाल्लं. नऊ नंबर ओल्या शेवाळाखाली वेटोळं करून पडलेला. बघायचो आणि दमून जायचो. काही न करण्याचा एवढा शीण येतो, हे मला माहीत नव्हतं.

पंधराव्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी इशिदा-साननी त्याला नखाएवढा उंदीर दाखवला. त्याने तोंड फिरवलं. त्यांनी झाकण लावलं.

"जरा पुढे धरून बघू या का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी डबा परत जागेवर सरकवला. आणखी एक आठवडा गेला. वजन बावीस.

त्या बुधवारी त्यांनी चिमटा वापरलाच नाही. उंदीर शेवाळाजवळ ठेवला, दिवा मालवला, मला म्हणाल्या, "चला बाहेर." आम्ही काउंटरमागे बसून बार्लीचा चहा प्यायलो. नोमुरा-सानही आले. तिघं जण भिंतीकडे बघत होतो. पाऊण तासाने इशिदा-साननी टॉर्च घेऊन डबा उघडला. उंदीर नव्हता. नोमुरा-सान टाळी वाजवणार होते. इशिदा-साननी त्यांचा हात धरला.

"शुक्रवारपर्यंत थांबा. पोटात राहायला हवा."

शुक्रवारी तोयोसुला नव्या व्हर्जनची रिव्ह्यू मीटिंग होती. कुमागाई-साननी स्क्रीनवर 'नाकारला' दाबलं. नऊ नंबरची ओळ करडी झाली, बटण बंद झालं.

"आता पुढचे सात दिवस सिस्टिम काय करते?"

"काही नाही."

"आठवणीची सूचना?"

"नाही."

"मॅनेजरला मेल?"

"नाही. कुणी बटण दाबलं तरी दाबलं जात नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. टेस्ट रिपोर्टवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'काहीही होत नाही. तपासले. योग्य.' आणि शिक्का मारला.

जेवणाच्या सुट्टीत इशिदा-सानचा मेसेज आला. फोटो नव्हता, एकच ओळ होती: 'राहिला पोटात.'

मी लगेच उत्तर लिहायला घेतलं: अभिनंदन, आता पुढचा उंदीर कधी देणार? मग ते खोडलं आणि फोन उपडा ठेवला. एखाद्याला जगवायचं असेल तर कधी कधी त्याला विचारणंही बंद करावं लागतं. हे मला बावीस ग्रॅमच्या प्राण्याने शिकवलं. त्याला दहा दिवस एकटं सोडा म्हटलं तर मी आता नक्की सोडतो. माणसांच्या बाबतीत अजून जमत नाही.