पांढरी पडलेली पानं

माझ्या मावशीने चौतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. फिकट चेहरा दिसला की हिचा हात आधी समोरच्याची पापणी खाली ओढणार, मग नाडीवर जाणार. निवृत्त झाली तरी तेच. पोस्टमनसुद्धा तिच्यासमोर गाल चोळून उभा राही.

आईची नजर अधू व्हायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार तर दीड वर्ष, मग नुसता उजेड-अंधार. आईने एकच हट्ट धरला: खिडकीखाली विलोचं शोभेचं झुडूप हवं. त्याची कोवळी पानं गुलाबी येतात, मग पांढरी होतात. हिरवं तिला काळपट दिसे; फिकट रंग तेवढे अजून कळत.

मावशीने झुडूप आणून लावलं. पाणी, खत, सगळं घड्याळाच्या काट्यावर. गुलाबी पानांवर तिची हरकत नव्हती, पण ती पांढरी पडली की ही एकेक पान उलटंसुलटं करून तपासे.

"ताई, रक्तच नाही गं याच्या अंगात! आधी ताकद येऊ दे, मग येईल रंग."

असं म्हणत तिने फिकट फांद्या छाटल्या आणि हिरव्या, जोमदार तेवढ्या वाढवल्या. वर्षभरात झुडूप हिरवंगार झालं. मावशी खूश; आईला खिडकीतून नुसतं काळपट दिसे.

शेवटी रोपवाटिकेतला माळी आला. "बाई, पांढरी पानं हीच याची तब्येत. हिरव्या फांद्या दांडगट, ठेवल्या तर सगळं झुडूप गिळतात."

मावशीने हातातली कात्री पायरीवर ठेवली. मला तिची कीव आली आणि रागही. खरं सांगायचं तर राग जास्त. दीड वर्षातलं एक वर्ष हिने छाटून टाकलं होतं.

थंडी सरता सरता तिने हिरवी फांदी न् फांदी बुडापासून कापली. तीन काटक्या उरल्या. रोज सकाळी ती त्यांच्यापुढे उकिडवी बसे. दीड महिन्याने कोंब आले, गुलाबी. मग पांढरे.

आईला खिडकीशी आणलं. तिने मान पुढे काढली.

"दिसतंय. पुसट आहे, पण दिसतंय." मग म्हणाली, "तू भलत्याच फांद्या कापत होतीस, ठाऊक होतं मला."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"इतक्या मायेने कापत होतीस, तुझं मन मोडवेना. शिवाय मीही हल्ली पांढरीच पडलेय. म्हटलं, उगाच हिचं लक्ष इकडे कशाला वळवा!"

मावशी हसली, हसता हसता रडायला लागली, आणि सवयीने आईची पापणी खाली ओढून बघू लागली.

"सर बाजूला," आई म्हणाली, "झुडूप बघू दे."