जोत्यावरचा रोमन किल्ला

आमचे व्याही आयुष्यात एकदाच बेसावध सापडले असतील, ते जन्माला येताना. त्यानंतर त्यांनी कुणालाही तशी संधी दिलेली नाही. सगळा जन्म बांधकामांवर सुपरवायझर म्हणून गेला, त्यामुळे समोरचा माणूस सिमेंटमध्ये वाळू जास्त घालणारच असं धरूनच ते नमस्कार करतात. करंजाड्याहून आमच्याकडे खारघरला आले की लिफ्टमध्ये आधी मला एकट्याला चढवतात. मी सुखरूप वर पोचलो की लिफ्ट परत बोलावून स्वतः येतात. मोरा बंदरावर पापलेटाचे कल्ले उघडून त्यांनी एकदा इतका वेळ उलटतपासणी केली, की मासळीवाली मावशी वैतागली. "दादा, तुमी म्हावरा घ्यावाला आलाव का पोरगी बगाला?" व्याही शांतपणे म्हणाले, "पोरगी बघायला एवढा वेळ लागत नाही. ती बोलते तरी."

मुलगा बघायला मात्र त्यांना भरपूर वेळ लागला. त्यांची एकुलती एक लेक आमच्या चिरंजीवांना द्यायची की नाही हे ठरवायला ते आमच्या घरी येत राहिले, आणि दर खेपेला मुलापेक्षा आमच्या भिंतींशी जास्त बोलले. बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे, "इथं प्लास्टर पोकळ आहे" म्हणायचे. आमच्या वॉचमनला खाली गाठून "पोरगा घरात आवाज चढवतो का?" असं त्यांनी विचारलेलंही मला नंतर कळलं. राग आला, पण लेकीच्या काळजीनं एवढा तपास करणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे लग्न झालं, पोरं नोकरीसाठी इंग्लंडला गेली, आणि व्याह्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा संशय सापडला. "थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलीत, पण ही काही परत येत नाहीत, बघा तुम्ही," असं ते मला प्रत्येक फोनवर सांगायचे. मी हसण्यावारी न्यायचो. पोरांना विचारायचं धाडस मात्र त्यांनाही होत नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही दोघं व्याही आणि दोघी विहिणी पोरांकडे गेलो. एका रविवारी विहिणींनी थंडीला हात जोडून घरी राहणं पसंत केलं आणि पोरांनी आम्हाला रोमन सैन्याचा एक प्राचीन किल्ला दाखवायला नेलं. किल्ला म्हटल्यावर मी साताऱ्याकडचा माणूस बुरूज शोधू लागलो. तिथं माळावर गुडघाभर उंचीच्या भिंती आणि मध्ये हिरवळ. व्याह्यांनी एक फेरी मारली, दगडाला टकटक केलं आणि निकाल दिला, "काम जोत्यावरच थांबलंय. बिल्डर पळाला."

चिरंजीव उत्साहानं कोठार दाखवत होते, दवाखाना दाखवत होते. व्याही प्रत्येक पाटी वाचून विचारत, "हे लिहिणारा तेव्हा हजर होता काय?" शिपायांचं सामुदायिक शौचालय पाहून तर ते हादरलेच. "एवढे लोक समोरासमोर? इतका विश्वास बरा नव्हे." मग त्यांनी विचारलं, "हे शिपाई इथलेच?"

"नाही हो. लांबून लांबून आलेले. काही तर चांगल्या उन्हाच्या मुलखातले."

"आणि नोकरी संपल्यावर? गावी गेले ना?"

चिरंजीवांनी बायकोकडे एक नजर टाकली. "काही गेले असतील. बरेच इथेच राहिले. घरं केली, संसार केले."

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते लेकीकडे पाहत होते आणि ती भिंतीकडे.

"बाय, हयसर बघ. माझ्याकडे," ते एकदम आपल्या गावच्या मालवणीवर आले.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही इथेच राहायचं ठरवलंय. तुम्हाला सांगायचा धीरच होत नव्हता."

एरवी संशय खरा ठरला की व्याह्यांचा चेहरा दिवाळीसारखा उजळतो. त्या दिवशी ते नुसते "बरं" म्हणाले. त्यांच्या संशयाला हसण्याच्या नादात, परत न येणारा मुलगा माझाच आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

किल्ल्याच्या कोपऱ्यात रोमन लोकांच्या कुठल्याशा देवाचा एक उभा दगड होता. व्याही तिकडे चालू लागले. काहीतरी तपासायचं असेल म्हणून मी मागे गेलो, तर त्यांनी त्या गारठ्यात बूटमोजे काढले, खिशातली सुपारी दगडापुढे ठेवली आणि हात जोडले. कोकणात प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो आणि त्याला गाऱ्हाणं घालायचं असतं, हे मला ऐकून माहीत होतं.

"बा राखणदारा म्हाराजा! माझा चेडू आणि जावय आता तुझ्या हद्दीत रवतले. तेंका सांभाळून घे. काय वायट-वाकडा येत असात, ता भायरच्या भायर दूर कर रे म्हाराजा!"

आणि ते माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, 'व्हय म्हाराजा' म्हणा. दुसऱ्यानं म्हणावं लागतं."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. मग पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणालो. मागून लेकीचाही आवाज आला, "व्हय म्हाराजा."

बूट घालायला व्याह्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. जड वातावरण हलकं करावं म्हणून मी विचारलं, "काय व्याही, आज संशय नाही आला? या रोमन देवाला तुमची मालवणी समजली असेल का?"

त्यांनी दगडाकडे वळून पाहिलं.

"समजली असेल," ते म्हणाले. "तोही बाहेरगावाहूनच आलेला आहे."