पिवळे न झालेले उंदीर

ताईच्या थोरल्याला जन्मापासून कावीळ. यकृतात पित्त अडकतं, अंगभर खाज सुटते, पोरगं झोपेतही स्वतःला ओरबाडतं. त्याच्या एका जनुकात चूक सापडली, आईबाप दोघांकडून आलेली. मी ज्या प्रयोगशाळेत राबतो तिथे तीच चूक घालून आम्ही उंदीर जन्माला घातले. ते पिवळे पडले तर रोगाचं कारण नक्की.

झालं! दिल्लीत मुनिरक्यातल्या माझ्या खोलीतून थेट ताईचं सरकारी क्वार्टर गाठलं. "ताई, रोगाची मानगूट धरलीय मी!" तेव्हा उंदरांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

उंदीर वाढले, पण आजारी पडेनात. एकेक असा माजला की आखाड्यात उतरवावा. मी रोज सकाळी पिंजऱ्यापुढे हात जोडायचो, "बाबांनो, थोडे तरी पिवळे व्हा." उंदरांची देखभाल करणारे चाचा म्हणायचे, "साहब, ये नहीं मरनेवाले. मेरी सास पे गए हैं."

"अजून लहान आहेत," मी सगळ्यांना सांगायचो. दीड वर्ष उलटलं, म्हणजे उंदराच्या हिशेबात पेन्शनीचं वय. तरी माझे लहानच.

तेवढ्यात ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, पोटातल्या बाळात ती चूक आहे का हे तपासता येईल, पण रोग तिच्यामुळेच होतो असा उंदरांचा निकाल येईपर्यंत त्या तपासणीवर भिस्त ठेवू नका. ताईने मला विचारलं, "काय म्हणतात रे तुझे उंदीर?"

साऱ्या क्वार्टरभर फुशारकी मारून झाली होती. आता माघार कशी घ्यायची?

"कानापासून शेपटीपर्यंत पिवळे! पिंजऱ्यात दिवा लावावा लागत नाही, ताई!"

ती पोट धरून हसली. डॉक्टरांना म्हणाली, भाऊच ते काम करतो, त्याचा शब्द आहे. तपासणी झाली. बाळात ती चूक नव्हती. भाऊजींनी पेढे वाटले, त्यातले चार मीच खाल्ले.

मुलगी झाली. सातव्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"अरे, तुझ्या उंदरांना पिवळेपणा आधी कुठे दिसला? कानांवर की पायांवर? हिला उजेडात धरून बघतेय. एखादा फोटो असेल तर पाठव ना."

मला दहा थापा सुचल्या. जन्मात पहिल्यांदा एकही तोंडातून निघेना.

"ताई, ते पिवळे झालेच नाहीत. कधीच."

पलीकडे बाळ किरकिरत होतं. ती म्हणाली, "मग आपण तपासलं काय रे?"