साडेसात सीसीचं इंजिन

जव्हारला शिक्षक असताना मला रिमोटवर चालणाऱ्या बोटींच्या शर्यतीचं वेड लागलं. तालुक्यात दुसरी बोटच नसल्याने पहिला नंबर माझाच असायचा, अर्थात बोट काठाला परत आली तर. माझं साडेतीन सीसीचं नायट्रो इंजिन दर रविवारी तलावात बंद पडायचं. मग ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा म्हातारा हाताने वल्हवत जायचा आणि बोट आणून द्यायचा.

वर्षभर कॅटलॉग चाळून मी शेवटी साडेसात सीसीचं इंजिन पसंत केलं. ते दुप्पट ताकदीचं आहे, बोटीला कुठल्या कुठे नेईल, हे म्हाताऱ्याला मोठ्या उत्साहाने समजावलं. त्याने तलावाच्या पलीकडच्या काठाकडे बघितलं.

"हेच राहू द्या, गुरुजी. हे जवळ बंद पडतंय."