स्कीची पट्टी हनुवटीपर्यंत

बारा जानेवारी. वन्संच्या खळ्यात खोबऱ्याच्या वाट्या वाळत घालायच्या होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्या केरीला राहतात, मी सर्वणला. या दिवसांत एक रविवार मी त्यांच्या मदतीला जाते. तट्टे पसरायचे, वाट्या उलट्या-सुलट्या करायच्या आणि कावळ्यांना हाकलायचं, एवढंच काम. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात खोबरं नव्हतं.

आमच्या ह्यांच्या ऑफिसातली मंडळी फेब्रुवारीत काश्मीरला जाणार होती. आम्ही दोघं आणि वन्संही त्यांच्यात होतो. बर्फावर स्की कोण करणार आणि कोणाला किती लांबीच्या पट्ट्या लागतील, हे सहल नेणाऱ्या बाईंनी ग्रुपवर विचारलं होतं. माझ्या वतीने ह्यांनी परस्पर उत्तर टाकलं : ‘आमच्या हिला नकोत. ती खाली बसेल, पिशव्या सांभाळेल.’

त्यांचंही काही चुकलं नाही. मी आजवर तेच करत आले. दूधसागरचा धबधबा मी सात जणांच्या पिशव्यांमागून पाहिला. महाबळेश्वरला सगळे घोड्यावर बसले, मी सगळ्यांच्या चपलांशेजारी बसले. पण बावन्नाव्या वर्षी काश्मीरपर्यंत जाऊन पुन्हा पिशव्याच राखायच्या असतील, तर त्या मी सर्वणलाही राखू शकते. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘करा ना, पण माप उद्या सकाळपर्यंत द्या. नवशिक्यांना हनुवटी ते नाक एवढीच लांबी पुरे. मऊ आणि जरा अरुंद घ्या.’

मी हे वन्संना सांगितलं. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

“हनुवटीपर्यंत? दुकानदाराचा खपत नसलेला आखूड माल तो. माझ्याकडे आसत ना पट्ट्यो!”

आणि खरंच होत्या. वन्सं खोली भाड्याने देतात. दोन हिवाळ्यांपूर्वी एक परदेशी भाडेकरू बर्फातून थेट समुद्रावर आला होता. जाताना ओझं नको म्हणून पट्ट्या इथेच टाकून गेला. वन्संनी त्या परसात रोवल्या आणि त्यांवर वालीचा वेल चढवला. वेल सोडवून पट्ट्या बाहेर काढल्या, तर त्या माझ्या डोक्यावरून वर हातभर, आणि पाटासारख्या रुंद.

“वयनी, ह्योच घे,” वन्सं म्हणाल्या. “आखूड होडी लाटेर उलटता. लांब होडी लाटो कापीत जाता. बर्फ म्हंजे काय? गोठलेला पाणीच ना?”

वन्संच्या सासरच्यांच्या दोन होड्या होत्या, त्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मलाही पटलं, पण माझ्या कारणाने. आम्ही वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, शेती करतो. चिखलात रुतायला लागलं की फळी टाकतो. फळी जेवढी लांब-रुंद, तेवढा पाय कमी रुततो. होडी म्हणा, फळी म्हणा, दोन्हीकडून उत्तर एकच आलं : लांब आणि रुंद. हनुवटीचा प्रश्न आम्ही निकाली काढला.

“पण आधी घालून बघते,” मी म्हटलं. नवी कढईसुद्धा मी तापवून बघितल्याशिवाय घेत नाही.

वन्संच्या घरामागे चढाव आहे. जानेवारीत त्यावरचं गवत वाळून गुळगुळीत होतं. लहानपणी अशाच गवतावरून आम्ही सुपारीच्या पोवलीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, बसून घसरायचो. फरक एवढाच की तेव्हा बसलेलो असायचो. स्कीचे बूट नव्हते, म्हणून वन्संनी पट्ट्या सुंभाने माझ्या कॅनव्हासच्या बुटांना करकचून बांधल्या. बैलाला बांधतात तशा.

“खाली आल्यार त्या माडाकडे उजवीकडे वळ,” त्यांनी खालून हाक दिली.

मी निघाले. निघाले म्हणजे पट्ट्या निघाल्या, मी त्यांच्यासोबत होते. पडले नाही, हे मात्र कबूल करायला हवं. लांब होडीसारखी सरळ, स्थिर, डौलात खाली आले. माड जवळ आला. मी उजवीकडे वळले, म्हणजे मान वळली, खांदे वळले, कंबरसुद्धा वळली. पट्ट्यांना कुणी कळवलंच नाही. त्या सरळ खळ्यात शिरल्या.

“वळ गो! वळ!”

“वळतेय कुठे!”

“खोबरां! माजा खोबरां!”

पहिला तट्टा मी पायांनी पार केला, दुसरा बसून. कावळे एकदम उडाले. दिवसभर हाकलून जे जमलं नव्हतं ते झालं. मी वाट्यांच्या ढिगात बसले होते, आणि एक पट्टी तुळशीवृंदावनाच्या अलीकडे वीतभर अंतरावर थांबली होती.

वन्संनी आधी वृंदावन पाहिलं, मग खोबरं, मग मला. “लागला?”

“नाही.”

“मगे वाट्यो वेच.”

वाट्या वेचताना वन्संचा हेका चालूच होता. हे गवत म्हणून, बर्फात वळेल. मी ऐकून घेतलं. गुडघा हुळहुळत होता, पण त्याहून खुपत होतं ते वेगळंच. पट्ट्या अशाच असल्या तर पहिल्याच उतारावर शिकवणारे मला बाहेर काढतील, आणि मी निमूटपणे पिशव्यांशेजारी जाऊन बसेन.

“वन्सं,” मी विचारलं, “तेरेखोलच्या खाडीत खडकांमधून आत शिरायचं असलं तर कुठली होडी काढतात?”

“धाकली. मोठी कशी वळतली थंय?”

“आणि तुमच्या धाकट्या दिरांना होडी शिकवली तेव्हा?”

“धाकलीच. मोठी पोराच्या हातात कोण देता?” त्यांनी एक वाटी उचलली, फुंकर मारून तट्ट्यावर ठेवली, दुसरी उचलली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “उभी रव. सरळ. मान वर करू नको, माप चुकता.”

पट्ट्यांचा सुंभ सोडून त्यांनी माझ्या टाचेखाली धरला आणि हनुवटीशी गाठ मारली. पायाला माडाची हीर लावून बुटासाठी मोडून घेतली, चपला आणायला बाजारात नेतात तशी. मग दुसरा सुंभ माझ्या हातात दिला.

“आता माजा माप घे.”

“तुम्ही लांब घेणार होतात ना?”

“मिया शिकलंय खंय? नाकापर्यंत बांद. मिया थोरली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवून मी दोन्ही सुंभांना टेप लावला आणि बाईंना कळवलं : दोन जोड्या, मऊ, अरुंद, एक हनुवटीपर्यंत, एक नाकापर्यंत. ह्यांना सांगितलं, पिशव्या तुमच्याकडे. ते पेपरामागून “बरं” म्हणाले. मग केरीला जाऊन वन्संबरोबर त्यांच्या परसात त्या लांब पट्ट्या पुन्हा रोवल्या आणि वालीचा वेल वर चढवला.