गाडीखालचं तेल

डिझेलच्या गाडीचे निम्मे आजार चालवणाऱ्याला ऐकूच येत नाहीत, इंजिनाच्या घरघरीत ते झाकून जातात. माझी मालाची गाडी बॅटरीवरची. चावी फिरवली तरी गप्प, चालायला लागली तरी जवळजवळ गप्पच. त्यामुळे मागून ‘ठक’ असा आवाज आला तो मला पहिल्याच दिवशी ऐकू आला. आणि पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडे कानाडोळा केला, हेही खरं.

सकाळी कंग्राळीतून निघायचं, बेळगावात एका बेकरीच्या भट्टीवर केक भरायचे आणि निपाणीत त्यांच्याच दुकानात नेऊन द्यायचे, हे माझं काम. केक बिनअंड्याचे, कारण मालक जैन. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. हायवेचं काम चाललेलं, रस्ता जागोजागी वळवलेला, त्यात तवंदीचा घाट. ठकठक झाली की मी रस्त्याला शिव्या घालायची आणि पुढे जायची.

मग केक बिघडायला लागले. एका पोराचं नाव केकवरून उठून डब्याच्या झाकणाला चिकटलं. एक दोन मजली केक तर असा कलला की अण्णा मान वाकडी करूनच त्याच्याकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“ताई,” ते म्हणाले, “सोमवारी एका घरात लग्नाचा पन्नासावा वाढदिवस हाय. तीन मजली केक. तो नीट आला तर ही निपाणीची लाईन तुमची. न्हाईतर संकेश्वरचा एकजण कवापासनं मागायला लागलाय.”

ही गाडी घ्यायच्या आधी नऊ वर्षं मी बेळगावच्या शहापुरातल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावत होते. खाली मान घालून. लाईन गेली की गाडी दारात उभी राहणार आणि मी पुन्हा सुई-दोरा घेऊन बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ठरवलं, सोमवारचा केक उभाच्या उभा न्यायचा. मधे शनिवार आणि रविवार होते.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलून बघितली. मागचं चाक ज्या लोखंडी आर्मवर बसतं, तो आर्म जिथे चासीला जोडलेला असतो तिथे रबराचा बुश असतो. धक्का खायचं काम त्याचं. दोन्ही बाजूंचे मिळून चारही बुश गेले होते, आर्म हाताने हलवला तरी ठक वाजत होतं. तिथला माणूस संगणकाकडे बघत म्हणाला की बुश सुटा बदलत नाही, अख्खा आर्म मागवावा लागेल, पंधरा-वीस दिवस तरी लागतील. मी म्हटलं, सोमवारी केक आहे. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बेळगावात चार दुकानं पालथी घातल्यावर पाचव्यात चार बुश मिळाले. ते पिशवीत घालून मी गाडी आमच्या गावाकडच्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारे. बॅटरीच्या गाडीला त्यांनी आजवर हात लावलेला नव्हता आणि लावायची हौसही नव्हती.

“करंट बसला तर?” ते म्हणाले.

“नारिंगी वायरला हात लावू नका. बाकी सगळं लोखंडच आहे.”

तिथे माझे सासरेही आले होते. मी त्यांना मामा म्हणते. उभी हयात त्यांनी ट्रॅक्टर चालवला, उसाच्या ट्रॉल्या ओढल्या. ट्रॅक्टर विकल्यापासून माझी गाडी हेच त्यांचं लाडकं जनावर. दर अमावस्येला ते ती धुवायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचे, आणि मग शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल आणून गाडीखाली झोपून सगळ्या लोखंडाला चोपडायचे. ट्रॉलीचंही ते असंच करत. मला तर त्याचा अभिमान होता. गाडीची इतकी काळजी घेणारा सासरा दुसरा कुणाचा नाही असं मी भट्टीवर सांगायची.

जॅक बॅटरीच्या पेटीखाली लावायचा नाही, हे मी मिस्त्रींना दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच जागा दाखवली. चाकं निघाली. आर्मचे बोल्ट पाना लावताच सुटले, कुठे गंज नाही, काही नाही.

“बघितलंसा? मामांच्या तेलाची किरपा,” मिस्त्री म्हणाले, आणि मामांनी टोपी सारखी केली.

मग मिस्त्रींनी पहिला बुश कापून बाहेर काढला. रबर फुगलेलं होतं. अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत गेला आणि काळं तेल बाहेर आलं. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मिस्त्रींनी त्याचा वास घेतला आणि मामांकडे बघायचं टाळून म्हणाले, “तेल लोखंडाला चालतंय, मामा. रबराला न्हाय. रबर तेल पितंय आणि कुजतंय.”

मामा बाजूच्या टायरवर बसले. मला राग आला, चांगलाच आला. इतके दिवस मी ज्या रस्त्याच्या नावाने बोटं मोडत होते त्या रस्त्याचा गुन्हा निम्माच होता. मी म्हणाले, “तुम्हाला सांगितलं होतं कुणी, मामा?” ते उठले, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि दोन्ही आर्म घासायला बसले. तेलाचा एक डाग राहिला नाही तोवर घासत राहिले.

नवे बुश दाबून बसवायला मिस्त्रींकडे मोठा प्रेस होता. त्यांचा हात सवयीने ग्रीसच्या डब्याकडे गेला. मी डबा उचलून माझ्यामागे ठेवला. “साबणाचं पाणी,” मी म्हणाले. बुशवर एक खूण असते, ती ठरलेल्या दिशेलाच यावी लागते. त्यासाठी मी जुने काढायच्या आधीच आर्मवर खिळ्याने रेघ ओढून ठेवली होती. तरी पहिला बुश तिरका गेला. जादा एकही नव्हता. फाटला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, पण मिस्त्रींनी श्वास रोखून तो उलटा दाबून काढला आणि पुन्हा सरळ बसवला. रविवारी दुपारपर्यंत चारही बसले आणि आर्म गाडीला लागले.

बोल्ट आवळायला मिस्त्री पुढे झाले तेव्हा खरी खडाजंगी झाली. गाडी अजून जॅकवर होती, चाकं लोंबकळत होती. तशीच आवळली तर खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. हे मी मोबाईलवर तीन वेळा बघितलं होतं.

“गाडी आधी खाली उतरवा. मग आवळायचं.”

“तीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात.”

“ट्रॉलीच्या. ही ट्रॉली नाही.”

मिस्त्रींनी पाना जमिनीवर टाकला. “मग तूच आवळ जा. खाली उतरवल्यावर माझं पोट जातंय का तिच्याखाली?”

मी गाडी उतरवायला लावली, रोजच्या वजनाइतकी वाळूची पोती मागे भरली, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि पाठीवर सरकत आत गेले. जागा इतकी कमी की पाना अर्धा फिरवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. डोळ्यांत माती पडत होती. बाहेरून मामा टॉर्च धरून नेमका उजेड देत होते, मी न सांगता. शेवटचा बोल्ट कट्ट बसला तेव्हा माझ्या हातात जीव नव्हता, पण मी खूश होते.

सोमवारी मामा आपणहून शेजारी येऊन बसले. रस्ताभर कान देऊन होते. तवंदीचा घाट उतरलो, वळवलेला खडबडीत तुकडा गेला, मागून आवाज नाही. निपाणीत अण्णांनी डबा उघडला. तीन मजले सरळ, वरची साखरेची फुलंसुद्धा जागची हललेली नव्हती.

“लाईन तुमची,” अण्णा म्हणाले. “पर झालंतं काय गाडीला?”

मामा माझ्या मागेच उभे होते. मी झटकन म्हणाले, “मीच खालून तेल मारायची, अण्णा. रबर कुजलं.” अण्णा हसले. बायकांना यंत्रातलं काय कळतंय, असं काहीतरी म्हणाले. मी ते गिळलं.

परतीच्या वाटेवर काकती गाव आलं तेव्हा मामा म्हणाले, “तुझ्यावर कशापायी घेतलंस?”

“परक्यापुढं तुमचं नाव कशाला, मामा?”

“श्यात पोरं करत्यात. ट्रॅक्टर गेला. घरात मला कोण काय इचारत न्हाय. त्या गाडीखाली जायाचं, तेवढं एक काम माझं हुतं. चुकलं तर चुकलं. पर ते माझं हुतं की गं.”

मी गाडी हळू केली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी निपाणीत डबे उतरवताना मी अण्णांना म्हणाले, “अण्णा, ते तेल मी नाही, माझे सासरे मारायचे.”

अण्णांनी वहीतून मान वर केली. “आता सासऱ्याचं नाव पुढं करता व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले, आणि पुढचा डबा उतरवला.